लशीची वाट पाहणारे दवाखाने

मानमोडी हा शब्द आपणांस आपल्या वाडवडिलांनीं दिला. १९१८ सालीं त्या साथीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. आणि तिच्यावर चालेल अशी लस त्या वेळीं कोणाही डॉक्टरापाशीं नव्हती. २००९ सालीं त्याच जातीच्या तापाची साथ पुनः जगभर पसरली तेव्हां मात्र लस करण्याची विद्या माणसास अवगत होती. तरी दवाखान्यांचीं कपाटें रिकामींच राहिलीं. ज्युबिलीच्या या अंकांत मागल्या दिवसांचे स्मरण होतच आहे, म्हणून वाचकहो, त्या खोळंब्याची हकीकतही आम्ही येथें नमूद करितों.

त्या वर्षीं एप्रिलांत मेक्सिको व कॅलिफोर्निया येथें हा नवा विषाणु ओळखला गेला, आणि ११ जून रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें साथ जगद्व्यापी झाल्याचें जाहीर केलें. लस बनविण्यास लागलीच आरंभ झाला. पण इन्फ्लुएंझाची लस बहुतांशीं कोंबडीच्या फलित अंड्यांतच पिकते. अंड्यास बारीक छिद्र पाडून आंत विषाणु सोडावयाचा, तो दोन-तीन दिवस वाढूं द्यावयाचा, मग आंतील द्रव काढून, विषाणु मारून, शुद्ध करून कुप्या भरावयाच्या. सरकार हुकूम सोडूं शकतें, कारखानदार रात्रपाळी लावूं शकतो; अंडें कोणाचेंच ऐकत नाहीं. हा नवा विषाणु तर अंड्यांत इतका रडतखडत वाढला, कीं प्रथम प्रथम नेहमींच्या मानानें निम्मेंही पीक हातीं येईना.

अमेरिकेच्या सरकारनें ऑक्टोबरपर्यंत १२ कोटी मात्रांची आशा दाखविली होती. ऑगस्टांत तो आंकडा ४॥ कोटींवर आला, आणि ऑक्टोबर सरला तरी प्रत्यक्षांत ३ कोटीही भरल्या नव्हत्या. ज्यांस आधीं टोंचावयाचें ते लोक मात्र सुमारें १६ कोटी: गरोदर स्त्रिया, तान्ह्या बालकांस सांभाळणारे, रुग्णसेवक, मुलें व तरुण, आणि जुन्या दुखण्यानें जर्जर झालेले प्रौढ. आमच्या मतें दोष त्या ठाम तारखांचा अधिक. तारीख सांगितली सरकारनें, आणि तोंड द्यावें लागलें गांवोगांवच्या डॉक्टरांस. त्यांनीं आपापल्या राज्याकडे मागणी नोंदविली होती. मध्यवर्ती गुदामांतून शंभर-शंभर मात्रांच्या पेट्या निघत, पण आपली पेटी कधीं येणार हें त्यांस ठाऊक नसे. विचारावयास आलेल्या आईस सांगावें तरी काय?

बरें, पहिल्या खेपेंत आली ती बहुतेक नाकांत फवारावयाची लस. तींत दुबळा केलेला पण जिवंत विषाणु असल्यामुळें ती गरोदर स्त्रीस किंवा दमेकरी मुलास देतां येत नसे. रांगेंत जिचा मान पहिला, तीच रिकाम्या हातीं परत! पुढें नोव्हेंबरांत न्यूयॉर्कांतील कांहीं धनाढ्य पेढ्यांस लस पोंचल्याचें उघडकीस आलें व लोक खवळले. पेढींतही दमेकरी व गरोदर स्त्रिया असतात, हें खरें. पण ज्या बालवैद्याचें कपाट रिकामें, त्यास तें कसें पटावें?

साथीचा जोर ऑक्टोबरअखेर कळसास पोंचून ओसरूं लागला. लस मुबलक झाली ती डिसेंबरांत. मग घेणारे उरेनात, आणि सुमारें ४ कोटी मात्रा २०१० च्या जूनअखेर मुदत संपून वायां गेल्या.

आपल्याकडे खोळंबा याहूनही लांबला. ३ ऑगस्ट २००९ रोजीं पुण्यांत चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. या साथीचा देशांतील तो पहिला बळी. शहरांतील शाळा व चित्रपटगृहें कांहीं दिवस बंद झालीं, तपासणीसाठीं रांगा लागल्या, तोंडास बांधावयाचे मास्क मिळेनासे झाले. त्याच पुण्यांत सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेली नाकावाटें देण्याची लस बाजारांत आली ती जुलै २०१० मध्यें. आणि १० ऑगस्ट २०१० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें साथ संपल्याचें जाहीर केलें.