अनेक वाद्यें कीं एकच पेटी?

चैत्र जवळ आला कीं जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं, पुणें-नाशिक रस्त्याच्या कडेला, तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहूं लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नांवाचा फलक असतो आणि आंत बसून फडाचा कारभारी गांवोगांवच्या पंचांशीं यात्रेच्या रात्रीचा सौदा ठरवीत असतो. या सौद्यास ‘सुपारी’ म्हणतात. जुन्नर, आंबेगांव व खेड या तालुक्यांत यात्रेचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे: सकाळीं देवाची पूजा, दिवसा बैलगाड्यांची शर्यत आणि रात्रीं तमाशा. घोडेगांव-मंचराकडील गांवकरी असोत कीं जुन्नरच्या डोंगरकुशींतले, सुपारी देण्यास ते नारायणगांवींच येतात. म्हणून या गांवास ‘तमाशाची पंढरी’ हें नांव पडलें.

सुपारीचा आंकडा ठरला म्हणजे फडमालकाचा खरा हिशेब सुरू होतो. बरोबर माणसें किती न्यावयाचीं आणि वाद्यें किती? प्रत्येक नादासाठीं निराळें वाद्य व निराळा वादक ठेवावा, कीं अनेक नाद पोटांत बाळगणारें एकच यंत्र घेऊन भागवावें? हा प्रश्न वरवर पाहतां खर्चाचा दिसतो. परंतु त्याचा इतिहास पाहिला म्हणजे तो केवळ खर्चाचा नाहीं हें ध्यानांत येतें.

पेशवाईच्या उत्तरकाळीं रामजोशी (१७६२–१८१२), होनाजी बाळा यांसारख्या शाहिरांनीं लावणीस वैभव आणलें. जुन्नरच्या उत्तरेस असलेल्या संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) हेही त्याच मालिकेंतले. त्या परंपरेंतून पुढें आलेल्या ढोलकीच्या फडांत वाद्यें मोजकींच असत, पण एकाचें काम दुसऱ्यास करतां येत नसे. ढोलकी हा मेळ्याचा कणा. तिची उजवी पुडी चढ्या स्वरांत बोले, डावी घुमे. आणि गाणारणीच्या गळ्याशीं ती मिळवून घ्यावी लागे. हलगी म्हणजे कड्यावर ताणून बसविलेलें कातडें. रात्रीच्या दंवानें तें सैल पडलें कीं हलगीवाला शेकोटीजवळ जाई, कातडें शेकून ताठ करी आणि पुन्हा रंगभूमीवर येऊन उभा राही. तुणतुण्यास तार एकच. पण सुरत्या त्या एका तारेवर रात्रभर आधारस्वर धरून ठेवी आणि गाण्याचें पालुपद झेली. झांज लय सांभाळी. तमाशाच्या आरंभीं ढोलकी व हलगी यांची जी चढाओढ होई, ती ऐकूनच घरीं रेंगाळलेले लोक तळाकडे धांव घेत. गण, गवळण, बतावणी आणि वग हीं सारीं त्यानंतरचीं.

नारायणगांवचा याच परंपरेशीं संबंध दृढ आहे. नारायण खुडे यांनीं उभा केलेला फड पुढें भाऊ-बापू या बंधूंनीं नांवारूपास आणला. भाऊंची कन्या विठाबाई (१९३५–२००२) हिनें तर नारायणगांवकर हें नांव साऱ्या महाराष्ट्राच्या कानांवर घातलें. आज तिच्या नांवानें महाराष्ट्र शासन तमाशा-कलावंतांस जीवनगौरव पुरस्कार देतें.

अनेकांचें काम एकानें करण्याचा पहिला प्रयोग तमाशांत यंत्रयुगाच्या पुष्कळ आधींच झाला. तो प्रयोग म्हणजे बाजाची पेटी. १८४२ सालीं पॅरिस येथें दबें या कारागिरानें ‘हार्मोनियम’ या नांवानें एका वाद्याचें पेटंट घेतलें. तें वाद्य पायांनीं भाता हालवून वाजवावयाचें असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं त्यास हातभात्याचें, मांडी घालून वाजवितां येण्याजोगें रूप दिलें. या पेटींत एक युक्ति होती. समोरची खुंटी ओढली कीं एक स्वर आपोआप अखंड वाजत राही. जें काम तुणतुण्यासाठीं एक माणूस रात्रभर उभा राहून करी, तें आतां लाकडाची एक खुंटी करूं लागली. साथीचे स्वर, गाण्याची चाल आणि आधारस्वर हीं तिन्हीं कामें एका पेटींत आलीं. मराठी रंगभूमीवरही तिनें व तिच्या मोठ्या बहिणीनें, म्हणजे ऑर्गननें, मानाचें आसन मिळविलें. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाच्या हातीं तर तिला स्वतंत्र प्रतिष्ठा लाभली.

या सोयीबद्दल किंमतही द्यावी लागली. पेटीचे स्वर कारखान्यांत ठरून येतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला साधत नाहीं. याच कारणास्तव ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीस ध्वनिक्षेपणांत बंदी केली. ती १९७१ सालीं अंशतः उठली. तमाशाच्या तळावर हा वाद फारसा पोहोंचला नाहीं. तेथें पेटी आली, पण तुणतुणेंही पुष्कळ दिवस तिच्या शेजारीं उभें राहिलें. एकाच स्वराचें काम दोघांकडे कां, असें बाहेरच्यास वाटे. परंतु खुंटी स्वर धरूं शकते, पालुपद झेलूं शकत नाहीं. आणि सोंगाड्यानें अवचित टोला हाणला तर त्यास उलट उत्तर देणें तिला मुळींच साधत नाहीं.

दुसरा प्रयोग विजेचा. त्याचें मूळ समजण्यास क्षणभर सातासमुद्रांपलीकडे गेलें पाहिजे. विजेच्या गिटारीचा नाद बदलण्यासाठीं वादकाच्या पायाशीं ठेवावयाच्या लहान डब्या निघाल्या. त्यांस पेडल म्हणतात. १९६२ सालीं अमेरिकेंत ‘मेस्ट्रो फझ-टोन’ ही डबी विक्रीस आली; ती गिटारीचा स्वच्छ स्वर खरखरीत करी. पुढें प्रतिध्वनि उमटविणारी, स्वरास हेलकावे देणारी, अशा एकेका कामाच्या अनेक डब्या झाल्या. वादक त्या एकीपुढें एक जोडून सांखळी करी; आणि डब्यांचा क्रम बदलला कीं नादही बदले. १९८८ सालीं जपानच्या बॉस कंपनीनें ‘एम-ई-५’ या नांवानें असे अनेक परिणाम एकाच पेटींत एकवटले. तेव्हांपासून सुट्या डब्या घ्याव्या कीं एकच पेटी, हा वाद गिटारवादकांत चालू आहे. सुट्या डब्यांपैकीं एक बिघडली तर तेवढीच बदलतां येते, आणि प्रत्येक डबी आपल्या कानास पटेल ती निवडतां येते. पण खर्च व ओझें वाढतें. एकच पेटी उचलावयास सोपी, क्षणांत रूप पालटणारी; पण ती बंद पडली कीं सारेंच बंद पडतें.

बॉस ज्या रोलंड कंपनीचा भाग आहे, तिनेंच १९८५ सालीं ‘ऑक्टापॅड’ बाजारांत आणलें होतें. एका लहानशा फळीवर रबराच्या आठ चौकटी; काठीनें चौकट ठोकावी आणि हव्या त्या तालवाद्याचा आवाज निघावा. पहिल्या ऑक्टापॅडला आवाजासाठीं निराळें यंत्र जोडावें लागे. पुढच्या नमुन्यांत आवाज आंतच भरलेले आले. पुढें हें यंत्र आणि विजेचा की-बोर्ड हे दोन्ही वाद्यवृंदांतून तमाशाच्या कनातींत शिरले. नारायणगांवच्या फडमालकापुढें जो प्रश्न उभा राहिला, तो परदेशच्या गिटारवाल्याच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ होता. भेद एवढाच, कीं गिटारवाल्याच्या प्रत्येक डबीमागें त्याचाच पाय असतो. तमाशांतील प्रत्येक वाद्यामागें एक माणूस असतो.

यंत्राच्या बाजूनें बोलणें अवघड नाहीं. फड एका गांवाहून दुसऱ्या गांवीं रातोरात हलतो. मालमोटारींतील प्रत्येक जागा मोलाची असते. कलावंतांस हंगामापूर्वीं ‘उचल’ द्यावी लागते आणि ती उचल देण्यास मालक स्वतः कर्ज काढतो. यात्रेंत अवकाळी पाऊस आला तर कार्यक्रम बुडतो, उचल मात्र बुडवितां येत नाहीं. शिवाय प्रेक्षकांची रुचि पालटली आहे. सिनेमाचीं गाणीं ऐकून आलेल्या तरुणास तेच नाद तळावर हवे असतात. ते हलगी-तुणतुण्यानें कसे द्यावे? वगांत मेघगर्जना, तोफांचा भडिमार, घोड्यांच्या टापा हव्या असतील तर एका चौकटीवर काठी मारली कीं काम होतें. फडमालकास यंत्राचा मोह पडला तर त्यास दोष देणें सोपें आहे. त्याच्या वहींतला तोटा भरून देणें सोपें नाहीं.

आतां दुसरी बाजू. यंत्रांतला ढोलकीचा आवाज हा कोणत्या तरी एका ढोलकीचा, कोणत्या तरी एका दिवशीं मुद्रित केलेला आवाज आहे. तो आजच्या गाणारणीच्या दमाकडे पाहत नाहीं. ती थकली तर ढोलकीवाला ठेका आंवरतो; ती रंगांत आली तर चढवितो; तिच्या पायांतल्या चाळांशीं तो बोलतो. हलगीनें टाकलेला सवाल ढोलकी उचलते तेव्हां दोन माणसें एकमेकांच्या डोळ्यांत पाहत असतात. एकाच यंत्रावर दोन्ही नाद निघाले तरी सवाल करणारा आणि जवाब देणारा एकच होतो. आणि स्वतःशींच घातलेल्या पैजेंत कोणाचें मन रमणार?

याहूनही मोठी हानि दिसण्यांत येत नाहीं. जुन्या फडांत झांज धरून मागें उभ्या राहिलेल्या पोराच्या कानांवर रात्रभर ढोलकी पडे. त्याच्या हातांत फारसें काम नसे, पण त्याची शाळा तीच असे. झांजेवरून तुणतुण्यावर, तुणतुण्यावरून हलगीवर अशा पायऱ्या चढत जाण्यास त्यास वाव होता. खालच्या पायऱ्यांचें काम यंत्रानें उचललें म्हणजे मालकाचा खर्च वांचतो खरा. पण वीस वर्षांनंतर ढोलकीवर बसावयास माणूस कोठून आणावयाचा? हीं वाद्यें बहुतेक करून दलित समाजांतील घराण्यांनीं जतन केलीं. गांवानें ज्यांस वेशीबाहेर ठेवलें, त्यांच्याच हलगीवर गांवची यात्रा नाचली. तें वाद्य गेलें तर केवळ एक आवाज जात नाहीं. त्या घराण्यांचें पोट जातें, आणि तळावर ताठ मानेनें उभें राहण्याची त्यांची हक्काची जागाही जाते.

हा वाद शास्त्रार्थानें सुटला नाहीं. फडांनीं तो आपल्या व्यवहारानें सोडविला. आज मोठ्या फडांत की-बोर्ड व ऑक्टापॅड असतो आणि त्यांच्या शेजारीं ढोलकीही असते. विजेनें मेघ गर्जवावे, तोफा उडवाव्या, सिनेमाचा थाट उभा करावा. पण लावणी उभी राहते ती ढोलकीवर. अनेक गिटारवादकही अशाच निर्णयास आले आहेत: ज्या डबीवर आपला नाद ओळखला जातो ती सुटी ठेवावी, आणि बाकीच्या शोभेसाठीं एक पेटी वापरावी. जें शोभेचें आहे तें एकत्र करावें. जें बोलतें आहे तें वेगळें राखावें.

नारायणगांवाजवळच, जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें, आकाशांतील रेडिओलहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण आहे. तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्या सुमारें २५ किलोमीटरांच्या परिसरांत विखुरलेल्या आहेत आणि तरीही सर्व मिळून एका दुर्बिणीचें काम करतात. त्या एकमेकींपासून दूर आहेत म्हणूनच त्यांस बारीक तें दिसतें. साऱ्या एके ठिकाणीं रचल्या असत्या तर ती सूक्ष्म दृष्टि उरली नसती. त्याच शिवारांत चैत्राच्या रात्रीं ढोलकी, हलगी, तुणतुणें आणि झांज चार जागीं उभीं राहून एक गाणें उभें करीत आलीं. फडमालकाच्या वहींत वाद्यांची संख्या कमी-अधिक होत राहील. हलगीवाल्याची एक जागा मात्र त्या वहींत शिल्लक राहिली पाहिजे. कारण शेकोटीवर कातडें ताठ करतां येतें, तुटलेली परंपरा ताठ करणारी शेकोटी कोठें पेटत नाहीं.