आजोबांची बाटली

परवा माळा आवरताना एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली सापडली. बीटा-कॅरोटीन. १९९५ साली मामा अमेरिकेहून पहिल्यांदा आला, तेव्हा आजोबांसाठी आणलेली. आजोबांना दिवसाला दोन बंडलं विड्या लागत. "विडी सुटत नाही ना, मग निदान हे तरी घ्या," असा मामाचा आग्रह. आजी रोज रात्री दुधाबरोबर एक गोळी द्यायची, अगदी मनोभावे.

मामाचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. १९८१ मध्ये डॉल आणि पेटो यांनी अमेरिकेतल्या कॅन्सरच्या मृत्यूंपैकी साधारण ३५ टक्के आहाराशी जोडलेले असावेत, असा अंदाज मांडला. (डॉल म्हणजे सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचं नातं दाखवून देणारे. ऐरागैरा माणूस नव्हे.) पुढे १९९२ च्या एका आढाव्यात १५६ पैकी १२८ अभ्यास फळं-भाज्यांच्या बाजूने निघाले. मग प्रश्न आला, फळात नेमकं काय काम करतं? संशय गेला गाजर-आंब्याला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनवर. तेवढंच काढून गोळीत भरलं की झालं!

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हे तपासलं. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, तिथे २८ टक्के जास्त. म्हणजे मामाने बाटली घेतली तेव्हा पहिला निकाल छापून आलेला होता.

अख्ख्या फळांचंही पारडं नंतर हलकं झालं. जुन्या अभ्यासांपैकी बऱ्याच ठिकाणी आजारी माणसाला विचारायचे, पूर्वी काय खात होतात? अशा वेळी आठवणी आपल्याला हव्या तशा वळतात. शिवाय फळं खाणारे बहुधा विडी-सिगारेट कमी ओढणारे. २०१० मध्ये युरोपातल्या पावणेपाच लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास आला. रोज २०० ग्रॅम फळं-भाज्या जास्त, तर कॅन्सर साधारण ३ टक्के कमी. बस्स.

आजोबा १९९८ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. "बाटली संपली तेव्हा दुसरी मागवायला हवी होती," असं आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली. तोवर मी हे सगळं वाचलं होतं. तिला सांगितलं नाही.

मामा, तू हा ब्लॉग वाचतोस म्हणून लिहितेय. गोळ्या जेमतेम तीन महिने पुरल्या होत्या. विड्या चाळीस वर्षांच्या होत्या. बाटली मी टाकून दिलीय.