ग्रंथांतला ड्रॅक्युला आणि पडद्यावरचा ड्रॅक्युला

एखाद्या प्रसिद्ध कादंबरीवरून चित्रपट निघाला, म्हणजे सुशिक्षित मंडळींत एक ठराविक संवाद घडतो. ज्यांनीं ग्रंथ वाचलेला असतो ते म्हणतात, "मूळची गोडी कांहीं उतरली नाहीं", आणि ज्यांनीं वाचलेला नसतो ते म्हणतात, "आतां वाचण्याचें कारण उरलें नाहीं." वर्गांत इंग्रजी कादंबरी शिकवितांना हीं दोन्ही वाक्यें आम्हीं इतक्या वेळां ऐकलीं आहेत कीं, त्यांचा आम्हांस आतां राग येत नाहीं. तथापि दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही कीं, रूपांतर म्हणजे एका भांड्यांतलें दूध दुसऱ्या भांड्यांत ओतणें. सांडलें तर ओतणाराचा दोष. वस्तुतः प्रकार इतका सोपा नसतो. विशेषतः ग्रंथ लांबलचक असून त्याचा मुख्य रस भयानक असेल, तर त्यांतलें दूध कोणतें हेंच ठरविणें कठीण जातें. ह्या प्रश्नाचा विचार करण्यास ब्रॅम स्टोकर याच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीइतकें सोयीचें उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं. तिच्या रूपांतरांचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक लांब आहे, आणि त्यांत कायदा, व्यापार, चोरी व योगायोग या चौघांनींहि आपापला वांटा उचलला आहे.

प्रथम ग्रंथाचें स्वरूप पाहूं. स्टोकर हा १८४७ सालीं डब्लिन येथें जन्मला. पुढें लंडनला येऊन सर हेन्री आयर्व्हिंग या थोर नटाच्या लायसियम नाटकगृहाचा कारभार त्यानें सत्तावीस वर्षें पाहिला. हिशेब, पत्रव्यवहार व दौऱ्यांची व्यवस्था यांत गढलेल्या या कारभाऱ्यानें १८९० पासून टिपणें जमविण्यास आरंभ केला, आणि १८९७ च्या मे महिन्यांत कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचीं प्रकरणें सत्तावीस. पण लेखकाचें स्वतःचें असें निवेदन त्यांत कोठेंच नाहीं. रोजनिशा, पत्रें, तारा, वर्तमानपत्रांतलीं कात्रणें, एका जहाजाची नोंदवही, डॉक्टर सेवर्ड यानें फोनोग्राफच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेलीं टिपणें, असा सारा पसारा आहे. आपल्याकडील इतिहाससंशोधकांच्या भाषेंत सांगावयाचें तर ही बखर नव्हे, दप्तर आहे.

आतां गंमत अशी कीं, ज्याच्या नांवानें हें दप्तर ओळखलें जातें त्या काउंट ड्रॅक्युलाची स्वतःची रोजनिशी त्यांत नाहीं. पहिल्या चार प्रकरणांत तरुण सॉलिसिटर जोनाथन हार्कर हा ट्रान्सिल्व्हानियांतल्या त्याच्या गढींत घरखरेदीचे कागद घेऊन जातो व कैदी होऊन बसतो. तेवढ्या भागांत पांढऱ्या मिशांचा तो म्हातारा सरदार आपल्यासमोर वावरतो, बोलतो, आणि एके रात्रीं पालीसारखा भिंतीवरून डोकें खालीं करून उतरतांना दिसतो. पुढील तेवीस प्रकरणांत मात्र तो प्रत्यक्ष असा थोडाच वेळ भेटतो. आपल्याला दिसतात त्या त्याच्या खुणा: गळ्यावरचे दोन बारीक व्रण, खिडकीशीं घिरट्या घालणारें वटवाघूळ, सुकाणूच्या चाकाला स्वतःस बांधून घेऊन मेलेला जहाजाचा कप्तान. ल्यूसी नांवाची मुलगी दिवसेंदिवस पांढरीफटक पडत जाते. चार निरनिराळ्या पुरुषांचें रक्त तिच्या अंगांत घालतात, तरी ती सांवरत नाहीं. कारण काय तें वाचकास कळलेलें असतें, पण ल्यूसीच्या भोंवतालच्या माणसांस कळत नाहीं. आणि तें त्यांना कळेपर्यंत आपणांस पानांमागून पानें थांबावें लागतें. येथें लांबी हा दोष नसून हत्यार आहे. भय काउंटच्या दर्शनांत नाहीं, तें त्याच्या चाहुलींत आहे.

आणि ह्या भयास तोंड कोण देतें? व्हान हेल्सिंग या विद्वान डॉक्टराचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु दप्तर जुळविलें आहे तें हार्करची पत्नी मिना हिनें. ती शाळेंत शिकविणारी बाई. लघुलेखन व टाइपरायटर हीं नवीं साधनें तिनें हौसेनें आत्मसात केलेलीं. प्रत्येकाजवळ सत्याचा एकेक तुकडा असतो. ते सर्व तुकडे ती टंकलिखित करते, तारीखवार लावते, तेव्हां कोठें शत्रूचें स्वरूप सर्वांस एकत्र दिसतें. काउंटला हें उमगतें, आणि तो येऊन मूळ कागद व फोनोग्राफचीं नळकांडीं आगींत घालतो. तरीहि कार्य नासत नाहीं, कारण टंकलेखनाची दुसरी प्रत तिजोरींत सुरक्षित असते. शेवटीं हार्करची कुकरी व मॉरिस या अमेरिकनाचा सुरा यांनीं काउंटचा अंत होतो. पण त्याआधीं त्याचा पराभव त्या दुसऱ्या प्रतीनें केलेला असतो. ही दुसरी प्रत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ती आपणांस पुन्हां भेटणार आहे.

पहिलें रूपांतर खुद्द लेखकानेंच केलें, आणि तेंहि कलेच्या ओढीनें नव्हे तर कायद्याच्या धाकानें. नाट्यप्रयोगाचा हक्क राखावयाचा तर प्रयोग होणें इष्ट असे. म्हणून १८ मे १८९७ रोजीं, ग्रंथ बाजारांत येण्यापूर्वीं आठ दिवस, लायसियमच्या नटांकडून स्टोकरनें एक लांबलचक नाट्यवाचन करविलें. अशा रीतीनें रंगभूमीचें दार त्यानें बंद करून घेतलें. पण दुसरें एक दार त्याच वेळीं उघडत होतें, इकडे त्याचें लक्ष नव्हतें. चलच्चित्रें तेव्हां नुकतींच जन्मलीं होतीं. मुंबईच्या वॉट्सन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं तीं दाखविलीं गेलीं, त्यास अद्याप वर्षहि लोटलें नव्हतें. तीं हलतीं चित्रें एक दिवस कादंबऱ्या गिळूं लागतील, हें कोणाच्या स्वप्नांत असणार?

स्टोकर १९१२ सालीं वारला. ४ मार्च १९२२ रोजीं बर्लिन येथें 'नोस्फेराटू' नांवाचा मूकपट प्रथम दाखविण्यांत आला. दिग्दर्शक मुर्नाऊ, पटकथाकार हेन्रिक गालेन, आणि निर्माती संस्था प्राना-फिल्म. ड्रॅक्युलाचा ऑर्लोक झाला, इंग्लंडच्या जागीं विस्बोर्ग हें कल्पित जर्मन गांव आलें, आणि काळ १८३८ पर्यंत मागें नेला. कादंबरी स्टोकरची, हें चित्रपटाच्या आरंभीं उघडपणें नमूद केलें होतें. परवानगी तेवढी घेतली नव्हती! स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स हिनें ब्रिटिश ग्रंथकारसंघाच्या साहाय्यानें दावा मांडला. संस्थेचें दिवाळें निघालें, पैसा मिळण्याची आशा मावळली, आणि अखेर १९२५ सालीं जर्मन न्यायालयाचा निकाल झाला कीं, चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट कराव्या.

ह्या निकालाविषयीं आमचें मन आजहि द्विधा होतें. बाईचा पक्ष न्यायाचा होता, यांत शंका नाहीं. नवऱ्यानें मागें ठेवलेलें हें एक पुस्तक म्हणजे तिच्या उतारवयाचा आधार. तें कोणींहि उचलून न्यावें आणि तिला पैहि मिळूं नये, हें कोणास आवडेल? उलटपक्षीं, न्यायालयाची आज्ञा तंतोतंत अमलांत आली असती, तर मूकपटांच्या युगांतली एक अजोड कृति जगांतून नाहींशी झाली असती. माक्स श्रेकचा तो टक्कल पडलेला, उंदरासारख्या दांतांचा, जिन्याच्या भिंतीवर सांवलीनेंच चढत जाणारा ऑर्लोक ज्यानें पाहिला, त्याला तो विसरतां येत नाहीं. शिवाय, रक्तपिपासु पिशाच सूर्यप्रकाशानें मरतें, ही जी समजूत आज सर्वत्र पसरली आहे ती ग्रंथांत नाहींच. ग्रंथांतला काउंट भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलींत हिंडतो. दिवसा त्याची शक्ति कमी होते, एवढेंच. सूर्यकिरणांनीं त्याला मारलें तें प्रथम ह्या चोरलेल्या मूकपटानें. चोरानें मूळ धन्याच्या घरांत अशी भर घातल्याचें दुसरें उदाहरण क्वचित् सांपडेल.

चित्रपट वांचला कसा? तर त्याच्या प्रती त्यापूर्वींच परदेशीं गेल्या होत्या. न्यायालयानें जाळा म्हटलें, आणि दुसरी प्रत शिल्लक राहिली. मिनाच्या तिजोरींतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, कादंबरींत जाळणारा काउंट होता, आणि येथें त्याला जाळा म्हणणारी त्याच्याच जनकाची विधवा होती!

पुढील रूपांतरें रीतसर परवानगीनें झालीं. १९२४ सालीं हॅमिल्टन डीन यानें नाटक केलें. १९२७ सालीं जॉन बाल्डरस्टन यानें तें अमेरिकेसाठीं बदललें, आणि बेला लुगोसी हा हंगेरियन नट ब्रॉडवेवर काउंट म्हणून उभा राहिला. रंगभूमीला वटवाघुळें, लांडगे व वादळी समुद्र परवडत नाहींत. तिला दिवाणखाना परवडतो. म्हणून काउंट दिवाणखान्यांत शोभेलसा, उंची पोशाखांतला, अदबशीर पाहुणा झाला. त्याच्या झग्याची ती प्रसिद्ध उंच कॉलरहि नाटकाचीच देणगी. नट झग्यांतून निसटून रंगमंचावरच्या चोरदारानें नाहींसा होई, तेव्हां त्याचें डोकें दिसूं नये म्हणून ती योजिलेली. टॉड ब्राउनिंग यानें १९३१ मध्यें केलेला बोलपट ह्या नाटकावरून निघाला. आरंभींचा गढीचा भाग संपला कीं तोहि दिवाणखान्यांत येऊन बसतो. सव्वा तासाच्या आंतबाहेर सारें आटोपतें. चाहुलीला सवड कोठून मिळावी? त्याच देखाव्यांत, रात्रपाळीनें, दुसऱ्या नटसंचाकडून एक स्पॅनिश बोलपटहि त्या वेळीं घेतला गेला. तो अर्ध्या तासाच्या खालोखाल अधिक लांब असून, कित्येक जाणत्यांच्या मतें इंग्रजीहून सरस आहे. त्याचा एक हरवलेला भाग पुढें क्यूबाच्या चित्रपट-संग्रहांत सांपडला. दुसरी प्रत पुन्हां उपयोगी पडली.

१९५८ सालीं टेरेन्स फिशर यानें रंगांत 'ड्रॅक्युला' काढला. ख्रिस्तोफर लीच्या दांतांवर लाल रक्त प्रथमच झळाळलें, आणि लुगोसीनें पडद्याआड ठेवलेलें दंशाचें दृश्य उजेडांत आलें. कादंबरींतला समुद्रप्रवास गेला, इंग्लंड गेलें. सारा प्रकार चार कोसांच्या आंत आला. काउंटचा देह उन्हांत विरघळतो त्या प्रसंगाला ब्रिटनमध्यें कात्री लागली होती. ते तुकडे २०११ सालीं जपानांतल्या एका संग्रहांत मिळाले. तिसऱ्यांदा तोच योग!

लांबीचा न्याय जर कोणीं थोडाफार केला असेल, तर तो बी. बी. सी. च्या १९७७ सालच्या दूरचित्रवाणी-रूपांतरानें. अडीच तासांच्या त्या पटांत प्रसंगांना श्वास घेण्यास जागा मिळाली आहे. त्यानंतर १९९२ सालीं फ्रान्सिस फोर्ड कोपोला यानें चित्रपटाच्या नांवांतच स्टोकरचें नांव गोंवलें. रोजनिशा, फोनोग्राफ व टाइपरायटर त्यांत आहेत, हें खरें. परंतु मिना ही काउंटच्या चारशें वर्षांपूर्वींच्या पत्नीचा पुनर्जन्म आहे, आणि तो तिच्या प्रेमासाठीं झुरतो, ही मुख्य कल्पना स्टोकरची नव्हे. पुनर्जन्म व पूर्वप्रीति यांवर पोसलेल्या आमच्यासारख्या हिंदी प्रेक्षकांना ती ओळखीची वाटते, ही गोष्ट निराळी.

आमच्या देशाचा ह्या कथेशीं संबंध अगदींच नाहीं असें नाहीं. पिशाच ज्या ज्या देशांत ठाऊक आहे त्यांच्या यादींत व्हान हेल्सिंग हिंदुस्थानचें नांव घेतो. वेताळाच्या कथा १८७० सालीं इंग्रजींत सांगणाऱ्या रिचर्ड बर्टननें त्याला रक्तपिपासु पिशाचाचेंच नांव दिलें होतें, आणि बर्टन व स्टोकर यांचा परिचय होता. वास्तविक आपला वेताळ रक्त पीत नाहीं. तो गोष्टी सांगतो व प्रश्न विचारतो. रामसे बंधूंच्या १९९० सालच्या 'बंद दरवाजा' ह्या हिंदी चित्रपटांत जो अवतरला तो मात्र वेताळ नव्हे. तो पडद्यावरच्याच काउंटचा वंशज होय.

ह्या साऱ्या इतिहासांत एक गोष्ट आम्हांस सलते. प्रत्येक रूपांतरांत काउंट अधिकाधिक मोठा होत गेला: आधीं भेसूर छाया, मग सभ्य पाहुणा, मग रक्तानें माखलेला पशु, शेवटीं विरही प्रियकर. आणि मिना लहान होत गेली. १९२२ सालीं ती आत्मबलिदान करणारी साध्वी, १९३१ सालीं डॉक्टराची सुंदर कन्या, १९५८ सालीं संकटांत सांपडलेली गृहिणी, १९९२ सालीं पूर्वजन्मींची राणी. बसून कागद लावणारी, प्रती काढणारी शिक्षिका बहुतेकांनीं गाळली, किंवा ठेवून दुसऱ्याच कामास लावली. हा केवळ दिग्दर्शकांचा दोष म्हणतां येत नाहीं. कॅमेऱ्यास दिसणारें हवें असतें. दांत दिसतात, झगा दिसतो, परंतु तारीखवार लावलेल्या कागदांचें सामर्थ्य दाखवावें कसें? तें वाचावेंच लागतें, आणि वाचण्यास वेळ लागतो. मौज ही कीं, ज्या चित्रपटांनीं तिचें काम गाळलें ते स्वतः मात्र कोठल्या तरी अज्ञात मिनेनें जपलेल्या दुसऱ्या प्रतीमुळेंच आपल्यापर्यंत पोंचले.

म्हणून चित्रपट पाहिल्यावर पुस्तक कां वाचावें, असें कोणी विद्यार्थी विचारतो, तेव्हां आम्ही त्याला वाद घालीत नाहीं. चित्रपट अवश्य पाहा, असेंच सांगतों. नंतर ग्रंथ हातीं घे, आणि पडद्यावर न सांपडलेली ती टाइपरायटरवाली बाई त्यांत कोठें बसली आहे तेवढें शोधून ये. बहुतेक परत येतात ते पुस्तक पुरें करूनच येतात.