एकविसाव्या ओळीतले शब्द



आपली व्याख्यानं इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, जिथे मराठी माणूस आहे तिथून थेट पाहिली जातात. आमच्या नेहमीच्या श्रोत्यांतल्या एका आजींना ऐकू येणं जवळपास बंद झालं. त्यांनी नातवाकडून निरोप धाडला, "हातवारे छान करता हो, पण बोलता काय ते कळत नाही." म्हणून आम्ही थेट प्रक्षेपणाला कॅप्शन लावायचं ठरवलं. एकीने टाइप करायचं आणि ते शब्द व्हिडिओच्या प्रवाहातच मिसळून पाठवायचे. चाचणीत इंग्रजी ओळ झकास उमटली. मराठी ओळीच्या जागी मात्र नुसती प्रश्नचिन्हं! मला वाटलं, आमचंच काहीतरी चुकलं. शोधत गेलो तेव्हा कळलं, की या प्रश्नचिन्हांचं मूळ ५० वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत आहे.

१९७१ साली अमेरिकेत नॅशव्हिल इथे कर्णबधिरांसाठी दूरचित्रवाणी या विषयावर परिषद भरली. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने ज्युलिया चाइल्ड यांच्या 'द फ्रेंच शेफ' या पाककृतींच्या कार्यक्रमावर अक्षरं छापली. ही 'उघडी' कॅप्शन होती, म्हणजे सगळ्यांनाच दिसणारी. १९७३ पासून एबीसीच्या संध्याकाळच्या बातम्याही कॅप्शनसह दाखवू लागले, पण मूळ बातमीपत्रानंतर काही तासांनी. ऐकणाऱ्याला ताजी बातमी आणि न ऐकणाऱ्याला शिळी! शिवाय पडद्यावरची अक्षरं ऐकणाऱ्यांना खुपतील, ही धास्ती होतीच.

यावर तोडगा निघाला तो चित्राच्या काठावर. तिथल्या जुन्या टीव्हीचं चित्र ५२५ ओळींचं असे. त्यातल्या काही ओळी पडद्यावर दिसतच नसत. त्यांपैकी २१ क्रमांकाची ओळ १९७६ मध्ये कॅप्शनसाठी राखून ठेवली गेली. ज्याच्याकडे डिकोडर असेल त्यालाच अक्षरं दिसणार, म्हणून ही 'बंद' कॅप्शन. मार्च १९८० मध्ये असे कार्यक्रम नियमित सुरू झाले. डिकोडर मात्र पदरचे पैसे घालून घ्यावा लागे. १९९० च्या कायद्याने तो टीव्हीतच बसवणं बंधनकारक केलं आणि १९९३ पासून १३ इंच व त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या संचात तो आला.

आता आमच्या प्रश्नचिन्हांकडे येऊ. त्या ओळीत मावायचं किती? दर सेकंदाला साधारण ६० अक्षरं, पडद्यावर एका ओळीत जास्तीत जास्त ३२, आणि प्रत्येक अक्षराला ७ बिट. इंग्रजीला, थोड्या कसरतीने स्पॅनिश-फ्रेंचलाही, एवढं पुरतं. देवनागरीला तिथे जागाच नव्हती. आपला 'क्षेत्र' हा शब्द दिसायला दोन अक्षरांचा, पण युनिकोडमध्ये तो सात चिन्हांनी बनतो. आणि युनिकोडची पहिली आवृत्तीच मुळी १९९१ ची. यात कुणाचा आकस नव्हता. समोर जी गरज होती ती त्या लोकांनी भागवली. पण टीव्ही डिजिटल झाला, व्हिडिओ इंटरनेटवर आला, तरी ती जुनी पद्धत प्रवाहात मिसळायच्या कॅप्शनमध्ये टिकून राहिली. आमचे मराठी शब्द त्याच चिंचोळ्या दारावर अडकले होते.

दुसरा प्रश्न वेगाचा. बोलणारा थांबत नाही, मग लिहायचं कसं? १९८२ च्या ऑस्कर सोहळ्याला थेट कॅप्शन दिली गेली, ती न्यायालयातल्या स्टेनोग्राफरांच्या कौशल्यावर. त्यांच्या यंत्रावर पेटीवर सूर धरावेत तशा अनेक कळा एकदम दाबतात. त्यातून उच्चार नोंदला जातो आणि संगणक शब्दकोशावरून त्याचा शब्द करतो. मिनिटाला २०० हून अधिक शब्द त्यामुळे पकडता येतात. ब्रिटनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला वेगळी वाट रुळली. एक माणूस कानाला हेडफोन लावून ऐकलेलं पुन्हा स्पष्ट बोलतो, विरामचिन्हांसकट, आणि यंत्र ते लिहून काढतं. २००९ मध्ये यूट्यूबवर यंत्राने आपोआप कॅप्शन देण्याची सोय आली. त्यामागे गूगलमधले केन हॅरनस्टीन हे स्वतः कर्णबधिर असलेले अभियंते होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे दूरदर्शनने १९८७ मध्ये कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेतलं साप्ताहिक बातमीपत्र सुरू केलं. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवायची कल्पना मांडली. हेतू साक्षरतेचा होता, आणि पुढे 'चित्रहार'मध्येही ते शब्द दिसले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर २०१९ मध्ये दूरचित्रवाणीसाठी सुगम्यतेची मानकं आली. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची नोंद ५० लाखांवर होती. उतारवयात हळूहळू ऐकू येईनासं झालेल्या किती आजी-आजोबांनी ती नोंद केलीच नसेल, तुम्हीच विचार करा.

आम्ही काय केलं? शब्द व्हिडिओत न मिसळता वेगळ्या वाटेने, युनिकोड मजकूर म्हणून, वेळेच्या खुणेसह पाठवले. प्रक्षेपणाला ६० सेकंदांचा विलंब दिला. टाइप करायला दोघी बसतात, एक वाक्य हिचं, एक तिचं. वक्त्याकडून विशेषनामांची यादी आदल्या दिवशी घेतो, कारण यंत्र काय किंवा माणूस काय, चुकतो तो नावांतच. आणि व्याख्यान संपल्यावर सगळा मजकूर तपासून पुन्हा जोडतो.

एक मिनिटाचा उशीर होतो खरा. पण तो सगळ्यांनाच सारखा होतो. १९७३ मध्ये बहिऱ्या माणसाला बातमी तासांनी उशिरा मिळे, ऐकणाऱ्याला नाही. आज ते मिनिट आपण सगळे मिळून थांबतो. मागच्या व्याख्यानात मी एक सनावळ चुकलो. आजींचा निरोप लगेच आला, "साल तपासा." त्यांनी ते वाचून पकडलं होतं. साल खरंच चुकलं होतं.