पाणचक्की आणि जाते

औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आपण बहुधा सहलीतले एक ठिकाण म्हणून पाहतो. हौदात कोसळणाऱ्या पाण्यापुढे छायाचित्र काढतो आणि परततो. ती मुळात अन्नासाठी केलेली ऊर्जेची सोय होती, हे लक्षात घेतले तर तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि डोंगराळ भागातील पाणी भूमिगत नहरींनी शहरात आणले. पुढच्या काळातही अशा नहरी बांधल्या गेल्या. त्यांपैकी एक बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफीच्या तकियापर्यंत आली. बाबा मध्य आशियातून आलेले. त्यांच्या तकियात फकीर, वाटसरू, शिपाई यांची सतत ये-जा असे. 'मलफुजात-ए-नक्शबंदिया' या फारसी ग्रंथात त्या जीवनाचे तपशील सापडतात. अठराव्या शतकात येथे पाणचक्की उभी राहिली. मातीच्या नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवर चढवून खाली सोडले जाई. त्या धारेने पाती फिरत, पात्यांबरोबर वरची तळी फिरे आणि तकियात येणाऱ्यांसाठी पीठ पडे. धूर नाही, सरपण नाही, बैलही नाही.

एरवी दळण म्हणजे बाईच्या मनगटातले बळ. पहाटेच्या अंधारात जात्याशी बसलेल्या स्त्रीची ओवी आपण वर्गात लोकसाहित्य म्हणून शिकवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातील गावोगावी फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हे संचित अमोलच आहे. परंतु त्यातील गोडवा सांगताना त्यामागचे कष्ट आपण हलकेच बाजूला सारतो, हे मान्य करावे लागेल. गावात गिरणी आली आणि ओवी मंदावली, अशी हळहळ आपण व्यक्त करतो. डोक्यावर दळण घेऊन त्या गिरणीकडे निघालेल्या बाईला मात्र हळहळ वाटली असेल का? विजेने तिला पहाटेची झोप दिली. हा हिशेब वाङ्मयेतिहासात कुठेतरी मांडायला हवा.

पाणचक्कीचेही उदात्तीकरण नको. तिने तकियाचे दळण हलके केले, भोवतालच्या खेड्यांतली जाती फिरतच राहिली. तरीही तिच्यापासून एक गोष्ट शिकता येते. पाणी फुकट होते, पण नहर फुकट नव्हती. तिचा गाळ काढणे, नळ सांधणे हे काम कुणीतरी सतत करीत राहिले, म्हणूनच चक्की फिरली.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरातील बाईच्या नावे गॅसची जोडणी आली. ही मोठीच गोष्ट होती. पण सिलिंडर पुन्हा भरण्याइतके पैसे हाती नसले, की त्याच घरात चूल पेटते आणि धूर पुन्हा त्याच डोळ्यांत जातो. सौर पंप, सौर दिवे यांचेही तसेच. बिघाड झाल्यावर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी सहसा विचारला जात नाही.

पुढच्या वेळी विद्यार्थ्यांना पाणचक्की दाखवायला नेऊ, तेव्हा हौदापाशी थोडे थांबून हा प्रश्न विचारावा, आणि मग वर्गात ओवी शिकवावी.