नेता खोलीबाहेर गेल्यावर

बी.एड.च्या वर्षी शालेय व्यवस्थापनाच्या पेपरसाठी नेतृत्वाचे तीन प्रकार आम्ही पाठ केले होते : हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त. प्रत्येकाचे दोन फायदे आणि दोन तोटे लिहिले की मार्क मिळायचे. या तीन प्रकारांमागे दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग आहे, हे मला नोकरीला लागून बरीच वर्षे झाल्यावर कळले.

कुर्ट लेविन हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ. आयोवा विद्यापीठात त्यांनी लिपिट आणि व्हाइट या सहकाऱ्यांसोबत शाळकरी मुलांची छोटी मंडळे केली. मुखवटे करणे वगैरे कामे मुलांना दिली आणि प्रत्येक मंडळावर वेगळ्या पद्धतीने वागणारा नेता नेमला. 1939 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हुकूमशाही नेत्याच्या हाताखाली मुलांनी काम भरपूर केले. पण अधूनमधून नेता मुद्दाम खोलीबाहेर जाई. तेव्हा त्या मंडळातले काम एकदम घसरे. लोकशाही पद्धतीच्या मंडळात मात्र तो बाहेर गेला तरी काम जवळजवळ तसेच चालू राही.

हे वाचले आणि मला माझ्या सुरुवातीच्या नोकरीची संस्था आठवली. अध्यक्षसाहेब मेहनती, प्रामाणिक, खिशातले पैसे घालणारे. पण चेकबुक त्यांच्या कपाटात, ठरावाचे रजिस्टर त्यांच्या घरी. सभेत कोणी काही विचारले की ते म्हणायचे, "मी आहे ना!" त्यांचा इंतकाल झाला आणि आमचा पगार चार महिने अडला, कारण बँकेत दुसऱ्या कोणाची सहीच नव्हती. माणूस चांगला होता, म्हणूनच कोणी कधी विचारले नव्हते.

यापेक्षा कितीतरी मोठ्या माणसाच्या, कितीतरी मोठ्या संस्थेत हेच घडले आहे. ती संस्था अलीगढची.

सर सय्यद अहमद खान यांनी 1869-70 मध्ये इंग्लंड पाहिले आणि केंब्रिजसारखे कॉलेज इथल्या मुसलमानांसाठी काढायचे ठरवले. 24 मे 1875 रोजी अलीगढला शाळा सुरू झाली, तेव्हा ते स्वतः बनारसला सरकारी नोकरीत होते. अलीगढमध्ये धावपळ करून शाळा उभी करणारे होते मौलवी समीउल्ला खान. 8 जानेवारी 1877 रोजी लॉर्ड लिटनच्या हस्ते कॉलेजची पायाभरणी झाली. पुढची वीस वर्षे सर सय्यद त्या इमारतींच्या विटा मोजत जगले. चंद्यासाठी त्यांनी लॉटरी काढली, म्हातारपणी स्टेजवर उभे राहून शेर म्हटले. लोक हसले, त्यांनी हसू दिले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी सत्तेचे तीन आधार सांगितले आहेत : परंपरा, कायदा आणि व्यक्तीचे वलय. अलीगढ उभे राहिले ते या तिसऱ्या आधारावर. वेबर यांनी हेही सांगून ठेवले आहे की वलयाच्या सत्तेची खरी कसोटी वारसाच्या प्रश्नावर लागते.

ती कसोटी 1889 साली आली. कॉलेजच्या कारभारासाठी विश्वस्त मंडळाची नियमावली करायची होती. सर सय्यद सचिव राहणार आणि त्यांचे चिरंजीव सय्यद महमूद सहसचिव, म्हणजे पुढचे सचिव, असे तिच्यात घातले गेले. महमूद सामान्य नव्हते. अलाहाबाद हायकोर्टाचे ते न्यायाधीश होते. वडिलांना वाटे की आपल्यामागे इंग्रज प्राध्यापकांचा विश्वास तेच टिकवू शकतील. समीउल्ला खान विरोधात उभे राहिले. हैदराबादेतून मुश्ताक हुसेन यांनीही विरोध कळवला. नियमावली मंजूर झाली आणि शाळेचा पहिला दिवस पाहिलेले समीउल्ला खान संस्थेपासून दूर गेले.

सहा वर्षांनी, 1895 साली, दुसरा धक्का बसला. कार्यालयातल्या हेडक्लार्कने लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केल्याचे उघड झाले. त्या काळचे लाख रुपये! सर सय्यदांनी एक पैसा खाल्ला असे कोणी शत्रूही म्हणाला नाही. पण सगळा हिशेब एकाच वृद्ध माणसाच्या भरवशावर होता आणि त्या माणसाला प्रश्न विचारण्याची सवय कोणालाच उरली नव्हती. 27 मार्च 1898 रोजी ते गेले तेव्हा कॉलेज कर्जात होते आणि विद्यार्थ्यांची संख्या घटली होती. महमूद सचिव झाले, पण त्यांची तब्येत आणि मन दोन्ही ठिकाणावर नव्हते. 1899 मध्ये विश्वस्तांनी त्यांना पदावरून दूर केले.

इथे अलीगढ बुडायला हवे होते, पण ते बुडाले नाही.

सचिव म्हणून नवाब मोहसिन-उल-मुल्क निवडून आले. हैदराबादच्या निजामाच्या राज्यकारभारात मुरलेला हा माणूस. सर सय्यदांची नक्कल त्यांनी केली नाही. माणसे जोडण्याकडे त्यांचा कल होता. एकच उदाहरण देतो. मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते आणि त्यावरून सर सय्यदांचे आणि त्यांचे तीव्र मतभेद झाले होते. 1903 साली अलीगढची शैक्षणिक परिषद मुंबईत भरली, तेव्हा अध्यक्षपदी हेच तय्यबजी होते. ज्याच्याशी संस्थापकाचे पटले नव्हते, त्याला संस्थेने सन्मानाने खुर्ची दिली.

1907 मध्ये मोहसिन-उल-मुल्क वारले. त्यांच्यानंतर सचिव झाले नवाब विकार-उल-मुल्क. हे कोण? 1889 मध्ये सर सय्यदांना विरोध कळवणारे तेच मुश्ताक हुसेन. मतभेद झाला म्हणून त्यांनी कॉलेजशी नाते तोडले नव्हते. सचिव झाल्यावर इंग्रज प्राचार्यांच्या वाढलेल्या अधिकारांना त्यांनी ठामपणे आवर घातला. संस्था चालवायची ती विश्वस्तांनी, हे त्यांनी मान्य करून घेतले. 1920 साली त्या कॉलेजचे विद्यापीठ झाले.

यातून सर सय्यद लहान ठरतात का? मला तसे वाटत नाही. रिकाम्या मैदानावर कॉलेज उभे करायला तसाच हट्टी माणूस लागतो. समितीच्या ठरावातून अलीगढ जन्मले नसते. पण संस्था उभी करणारे गुण आणि संस्था टिकवणारे गुण नेहमी एकाच माणसात असतात असे नाही. सर सय्यदांच्या अवतीभवती त्यांच्याशी वाद घालण्याइतकी मोठी माणसे होती. अलीगढ तरले ते त्यांच्यामुळे, आणि त्यातला एक तर विरोधक म्हणून ओळखला गेलेला होता.

आपल्याकडे गावोगावी अंजुमन आहेत, उर्दू शाळा आहेत, मदरसे आहेत, ट्रस्ट आहेत. बहुतेक ठिकाणी कोणीतरी एक 'साहेब' आहे, आणि बहुतेक वेळा तो खरोखर राबणारा आहे. येत्या 17 ऑक्टोबरला सर सय्यदांच्या जयंतीनिमित्त भाषणे होतील, वक्तृत्व स्पर्धा होतील. भाषणे जरूर व्हावीत. त्याच दिवशी प्रत्येक संस्थेने तीन गोष्टी तपासून पाहाव्यात. बँकेत सह्या किती जणांच्या आहेत? गेल्या वर्षीचा हिशेब सभेत वाचला गेला का? आणि मागच्या सभेत विरोधात बोललेल्या माणसाला यावेळच्या सभेची नोटीस गेली आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर उद्याचा विकार-उल-मुल्क आपण आजच घरी बसवला आहे.