पीडीआयपी : स्वादुपिंडातील प्रथिनांना घडी घालणारे एन्झाइम

सातपुड्यातल्या काठी गावात (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) कुणी दादर ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली, तर ती पचवण्याचे मोठे काम स्वादुपिंडाच्या रसावर येते. प्रौढ माणसाच्या शरीरात हा रस रोज सुमारे १ ते दीड लिटर तयार होतो. त्यातील पाचक एन्झाइम मुळात प्रथिनेच असतात आणि योग्य आकारात दुमडली गेली तरच ती काम करतात. हा आकार देण्यास मदत करणारे एक एन्झाइम म्हणजे पीडीआयपी. त्याचे दुसरे नाव पीडीआयए२.

घडी का महत्त्वाची?

पेशीत प्रथिन तयार होते तेव्हा ती अमिनो आम्लांची लांब साखळी असते. साखळीत सिस्टीन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. दोन सिस्टीन जोडले गेले की डायसल्फाइड बंध तयार होतो. ही एक प्रकारची गाठच. ती योग्य जागी बसली तर प्रथिनाचा आकार पक्का राहतो.

गाय-बैलांच्या स्वादुपिंडातील रायबोन्यूक्लिएज या एन्झाइममध्ये ८ सिस्टीन असतात. त्यांच्या ४ जोड्या लावण्याचे १०५ मार्ग आहेत, पण बरोबर त्यातला एकच. चुकलेल्या गाठी सोडून पुन्हा बरोबर बांधणे, हेच पीडीआय गटातील एन्झाइमचे काम.

शोध कसा लागला?

अमेरिकेतील ख्रिश्चन ॲनफिन्सन यांनी दाखवले की रायबोन्यूक्लिएज उलगडले तरी ते परीक्षानळीत पुन्हा आपोआप दुमडते. मात्र तिथे त्याला पेशीपेक्षा खूप जास्त वेळ लागत होता. मग पेशीत कुणीतरी मदतनीस असणार, या विचाराने शोध सुरू झाला. १९६३ मध्ये ॲनफिन्सन यांच्या गटाला तो उंदराच्या यकृतात सापडला, तर हंगेरीतील शास्त्रज्ञांना त्याच वर्षी पक्ष्यांच्या स्वादुपिंडात. ॲनफिन्सन यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या कुटुंबात आज सुमारे २० सदस्य गणले जातात. मानवी स्वादुपिंडातील पीडीआयपीची ओळख १९९६ मध्ये पटली.

ते नेमके कुठे असते?

स्वादुपिंडात मुख्यतः दोन प्रकारचे काम चालते. ॲसिनार पेशी पाचक एन्झाइम बनवतात, तर लँगरहॅन्सच्या द्वीपकांतील बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. पीडीआयपी प्रामुख्याने ॲसिनार पेशींत, त्यांच्या आंतर्द्रव्यजालिकेत असते. म्हणून ‘स्वादुपिंडातले एन्झाइम म्हणजे मधुमेहाशी संबंधित’ असा अर्थ काढणे चूक ठरेल. इन्सुलिनमध्येही ३ डायसल्फाइड बंध असतात, पण तिथे पीडीआयए१ सारखे दुसरे नातेवाईक काम करतात.

‘फक्त स्वादुपिंडात’ हे वर्णनही पूर्ण खरे नाही. उंदरांच्या जठरात पेप्सिनोजेन बनवणाऱ्या पेशींतही ते आढळले आहे. पार्किन्सन आजारात मेंदूच्या पेशींत जमणाऱ्या लेवी पुंजांतही ते दिसले आहे.

आणखी कोणती कामे?

• अर्धवट दुमडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून गोळा होऊ न देणे.
• टायरोसिन किंवा ट्रिप्टोफॅन असलेल्या साखळ्यांना ओळखून पकडणे.
• प्रयोगांत ते एस्ट्रॅडिओल या संप्रेरकालाही धरून ठेवते असे दिसले आहे.

ताटाशी काय संबंध?

गाठीसाठी लागणारे गंधक अन्नातूनच येते. डाळींत लायसिन भरपूर, पण गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. धान्यांत नेमके उलटे. म्हणून भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ल्याने दोन्हींची उणीव भरून निघते.

नंदुरबारसारख्या कुपोषणाने ग्रासलेल्या जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. तीव्र कुपोषणात मुलांच्या ॲसिनार पेशी सुकतात आणि पाचक एन्झाइम कमी पडतात. मग जे थोडे पोटात जाते तेही नीट पचत नाही. हे दुष्टचक्र तोडायला पोटभर जेवण एकदम वाढून चालत नाही. म्हणूनच अशा मुलांना वैद्यकीय देखरेखीखाली सुरुवातीला विशेष दूध थोडे थोडे, वारंवार दिले जाते. योग्य आहार मिळू लागला की एन्झाइमचे प्रमाण बहुतेक वेळा पुन्हा सुधारते.

पीडीआयपी वाढवण्यासाठी घ्यायची कोणतीही मान्यताप्राप्त गोळी नाही. ते शरीर स्वतःच बनवते, आणि त्यासाठीचा कच्चा माल ताटातूनच यावा लागतो.